युरोपातले तरुण, धर्म आणि युरोपची ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्सला शिकायला जाणारी मुलंमुली, त्यांचे पालक आणि युवा-विनिमय शिबिरांना जाणारे कार्यकर्ते एक प्रश्न हमखास विचारतात: तिथल्या तरुणांना धर्माचं काही वाटतं की नाही? त्यातून पुढचे प्रश्न निघतात. युरोप ख्रिस्ती आहे का, मुसलमान युरोपीय असू शकतो का, 'युरोपीय मूल्यं' म्हणतात ती आली कुठून. असे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

युरोपातली तरुण पिढी धर्म सोडून चालली आहे, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं आहे, पण देशागणिक चित्र फार बदलतं. लंडनच्या सेंट मेरीज विद्यापीठानं 2018 मध्ये 16 ते 29 वयोगटाचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी युरोपीय सामाजिक सर्वेक्षणाची 2014 ते 2016 ची माहिती वापरली होती. 'माझा कोणताच धर्म नाही' म्हणणारे तरुण चेक प्रजासत्ताकात 91 टक्के निघाले, एस्टोनियात 80 आणि स्वीडनमध्ये 75. पोलंडमध्ये मात्र फक्त 17.

चेक आणि पोलंड सख्खे शेजारी आहेत आणि दोघांनीही चाळीस वर्षं साम्यवादी राजवट पाहिली. तरी एवढा फरक का? पोलंडमध्ये परक्या सत्तांच्या काळात कॅथलिक चर्च लोकांच्या बाजूनं उभं राहिलं. 1980 मध्ये ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यात संप झाला, तेव्हा फाटकावर मूळचे पोलंडचेच असलेले पोप जॉन पॉल दुसरे यांचं चित्र होतं आणि आत कामगारांसाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होत होती. चेक लोकांची आठवण उलटी आहे. त्यांचा सुधारक यान हुस याला 1415 मध्ये चर्चच्याच परिषदेनं दोषी ठरवलं आणि त्याला जाळण्यात आलं. 1620 मध्ये चेक प्रोटेस्टंटांचा पराभव झाल्यावर ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजांनी कॅथलिक पंथ सक्तीनं लादला. माणूस धर्म सोडतो तेव्हा बहुधा त्या धर्मसंस्थेची आपल्या घराण्यात, आपल्या गावात राहिलेली आठवणही सोडत असतो.

पोलंडही आता झपाट्यानं बदलतो आहे. तिथल्या 'सीबॉस' या सर्वेक्षण संस्थेनुसार नियमित धर्माचरण करणारे 18 ते 24 वयाचे तरुण 1992 मध्ये 69 टक्के होते, 2021 मध्ये 23 टक्के उरले. पाद्र्यांनी केलेल्या बाललैंगिक अत्याचारांची प्रकरणं, चर्चची तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाशी जवळीक आणि गर्भपाताला जवळजवळ बंदी घालणारा ऑक्टोबर 2020 चा न्यायालयीन निकाल या तिन्हींचा राग त्या आकड्यांत आहे.

पण फ्रान्समध्ये तरुण चर्चकडे परत येत आहेत, असंही वाचलं.

तेही खरं आहे. 2025 च्या ईस्टरला फ्रान्समध्ये 10,384 प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला. आदल्या वर्षी हा आकडा 7,135 होता. त्यांत 18 ते 25 वयाचे 42 टक्के होते. पावणेसात कोटींहून मोठ्या देशात ही संख्या लहानच, म्हणून 'धर्माची लाट परतली' म्हणणं घाईचं होईल. तरी यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आजीला धर्म वारशानं मिळाला होता, या मुलांनी तो स्वतः शोधून घेतला. अनेकांच्या घरी कुणी प्रार्थनासुद्धा करत नाही. अशा मुलाशी बोलताना 'घरचे संस्कार' हे नेहमीचं स्पष्टीकरण चालत नाही. त्याला कारण विचारावं लागतं, आणि तो ते सांगतोही.

युरोपची ओळख ख्रिस्ती आहे का?

हा वाद खुद्द युरोपनं जाहीरपणे घातला आहे. 2002 ते 2004 या काळात युरोपीय संघासाठी संविधानाचा मसुदा तयार होत होता. मसुदा समितीचे अध्यक्ष फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तँ होते. उद्देशिकेत ख्रिस्ती वारशाचा स्पष्ट उल्लेख हवा, असा पोलंड, इटली आदींचा आग्रह होता आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनीही तो धरला होता. फ्रान्सचा ठाम विरोध होता. शेवटी 'युरोपचा सांस्कृतिक, धार्मिक आणि मानवतावादी वारसा' एवढ्यावर तडजोड झाली. ते संविधान 2005 मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी फेटाळलं, पण हे शब्द टिकले. 1 डिसेंबर 2009 पासून अमलात असलेल्या लिस्बन कराराच्या उद्देशिकेत ते आहेत.

माझ्या मते ती तडजोड इतिहासाशी प्रामाणिक आहे. युरोपची गावं चर्चभोवती वसली, त्यांच्या सुट्ट्या ख्रिसमस-ईस्टरच्या, त्यांची जुनी विद्यापीठं बहुतेक चर्चच्या छायेत वाढली. संघाचा पाया घालणारे रोबेर शुमान, कोनराड आडेनावर आणि आल्चिदे दे गास्पेरी हे तिघेही श्रद्धाळू कॅथलिक होते. हे नाकारून काही साधत नाही. पण त्याच युरोपात, स्पेनमध्ये, मुस्लीम राजवटीचं कॉर्दोबा होतं. स्पेनच्याच तोलेदोमध्ये मुस्लीम, ज्यू आणि ख्रिस्ती पंडितांच्या हातांतून अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले आणि ॲरिस्टॉटल पश्चिम युरोपला नव्यानं भेटला. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर, वॉर्म्स, माइन्झ या गावांत हजार वर्षांपूर्वी ज्यू धर्मविद्यालयांची कीर्ती होती. लिथुआनियात तातार मुसलमान चौदाव्या शतकापासून राहतात, आणि तो देश स्वतः अधिकृतपणे ख्रिस्ती झाला 1387 मध्ये. केरळात त्याआधी कित्येक शतकं ख्रिस्ती लोक नांदत होते. तेव्हा 'ख्रिस्ती म्हणजे युरोपीय आणि युरोपीय म्हणजे ख्रिस्ती' हे समीकरण दोन्ही बाजूंनी तुटतं.

युरोपीय संघाच्या ध्वजावरच्या बारा ताऱ्यांचा धर्माशी संबंध आहे का?

अधिकृत उत्तर 'नाही' असं आहे. बारा हा आकडा पूर्णतेचा मानला गेला, देशांच्या संख्येशीही त्याचा संबंध नाही. ध्वजाच्या रचनेत सहभागी असलेल्या आर्सेन हाइट्झ यांनी पुढे सांगितलं, की त्यांच्या मनात बायबलमधली बारा ताऱ्यांचा मुकुट घातलेली स्त्री होती. ध्वज 8 डिसेंबर 1955 रोजी स्वीकारला गेला आणि तो दिवस कॅथलिकांसाठी येशूची आई मरिया हिचा सण आहे; ती स्त्री म्हणजे मरियाच, असं कॅथलिक मानतात. एवढ्यावरून कट शोधू नये.

समान मूल्यं कोणती आणि ती धर्मातून आली का?

युरोपीय संघाच्या कराराच्या दुसऱ्या कलमात ती लिहिली आहेत: मानवी प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, लोकशाही, समता, कायद्याचं राज्य आणि अल्पसंख्याकांसह सर्वांचे मानवी हक्क. शिबिरात मुलं यावर बोलू लागली की दोन तट पडतात. एक म्हणतो, प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेत घडला या शिकवणीतून मानवी प्रतिष्ठा आली. दुसरा म्हणतो, ही मूल्यं चर्चशी झगडून मिळाली. दोघांकडेही पुरावे आहेत.

धर्मस्वातंत्र्याचंच पाहा. 1555 च्या आउग्सबुर्ग तहानं राजाचा पंथ तोच प्रजेचा, असं ठरवलं. 1598 मध्ये फ्रान्सच्या राजानं नाँतच्या फर्मानानं प्रोटेस्टंटांना मोकळीक दिली, 1685 मध्ये त्याच्या नातवानं ती काढून घेतली आणि लाखो माणसं देशोधडीला लागली. मध्ये 1618 ते 1648 अशी तीस वर्षं जर्मन भूमी युद्धात होरपळली. सहिष्णुता हे आधी तत्त्व नव्हतंच, थकलेल्या लोकांनी केलेली ती सोय होती. कॅथलिक चर्चनं माणसाचं धर्मस्वातंत्र्य अधिकृतपणे मान्य केलं ते थेट 7 डिसेंबर 1965 रोजी, जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.

आता दुसरी बाजू. नाझी काळात बहुतेक चर्चवाले गप्प बसले, काही सामील झाले. पण म्युनिकमध्ये 'श्वेत गुलाब' गटानं हिटलरविरोधी पत्रकं वाटली तेव्हा सोफी शोल ही एकवीस वर्षांची विद्यार्थिनी आपल्या श्रद्धेतून बळ घेत होती. 22 फेब्रुवारी 1943 रोजी तिचा शिरच्छेद झाला. धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहॉफर यांना 9 एप्रिल 1945 रोजी फाशी दिलं. फ्रान्समधल्या ल शाँबों-स्युर-लिन्यों या प्रोटेस्टंट गावानं शेकडो ज्यूंना, त्यात कितीतरी लहान मुलांना, घराघरांत लपवलं. या गावाच्या पूर्वजांनी छळ सोसला होता, म्हणून दारात आलेला पळपुटा त्यांना ओळखता आला. श्रद्धा असलेल्यांनी आणि नसलेल्यांनी मिळून दिलेली ही किंमत आहे. युरोपीय तरुणाला मूल्यांचा वारसा सांगताना यातला अर्धा भाग गाळणं मला अन्यायाचं वाटतं.

सगळीकडे धर्म आणि सरकार वेगळे आहेत ना?

नाही, आणि आपल्याकडे याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. 'पाश्चात्त्य धर्मनिरपेक्षता' अशी एकच वस्तू नाही.

फ्रान्सनं 9 डिसेंबर 1905 च्या कायद्यानं राज्य आणि चर्च वेगळे केले. याला ते 'लाइसिते' म्हणतात. पण आल्सास आणि मोझेल हा भाग तेव्हा जर्मनीकडे होता, म्हणून हा कायदा तिथे लागूच झाला नाही. आजही तिथे कॅथलिक, लुथरन आणि रिफॉर्म्ड (हे दोन प्रोटेस्टंट पंथ) आणि ज्यू धर्मगुरूंना सरकार पगार देतं. युरोपीय संसद आणि मानवी हक्क न्यायालय असलेलं स्त्रासबूर शहर याच भागात येतं. इंग्लंडमध्ये राजा हा चर्चचा प्रमुख आहे आणि वरिष्ठ सभागृहात 26 बिशप बसत आले आहेत. ग्रीसचं संविधान पवित्र त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या, नावानं सुरू होतं. स्वीडननं राष्ट्रीय चर्च 2000 मध्ये वेगळं केलं. नेदरलँड्समध्ये 1917 पासून धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकंच अनुदान मिळतं. त्याच तरतुदीखाली हेगमध्ये 1988 साली हिंदू प्राथमिक शाळा उभी राहिली, सुरीनामहून आलेल्या भोजपुरी वंशाच्या कुटुंबांसाठी.

फ्रान्समध्ये डोक्यावर स्कार्फ किंवा पगडी चालते का?

सरकारी शाळेत चालत नाही. 15 मार्च 2004 च्या कायद्यानं ठळक धार्मिक चिन्हांना तिथे बंदी आहे. स्कार्फ, ज्यूंची टोपी, मोठा क्रॉस आणि शिखांची पगडीही त्यात येते. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हा कायदा लागू नाही. चेहरा झाकण्यावर मात्र 2010 च्या कायद्यानं सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे. या प्रश्नावर फ्रेंच तरुणांतच मतभेद आहेत. काहींना लाइसिते ही समतेची हमी वाटते, काहींना ती आपल्याच बहिणीला शाळेच्या दारात अडवणारी वाटते. चर्चेत दोघांना पूर्ण बोलू द्यावं.

वर्गात क्रॉस लावणं धार्मिक की सांस्कृतिक?

इटलीतल्या एका आईनं हा प्रश्न स्त्रासबूरच्या न्यायालयात नेला. 2009 मध्ये सात न्यायाधीशांनी एकमतानं तिच्या बाजूनं निकाल दिला. 2011 मध्ये मोठ्या पीठानं 15 विरुद्ध 2 अशा मतांनी तो फिरवला आणि हा निर्णय देशावर सोडला. जर्मनीच्या घटना न्यायालयानं 1995 मध्ये बव्हेरियातल्या वर्गांतल्या क्रॉससक्तीविरुद्ध निकाल दिला होता. क्रॉस ही नुसती संस्कृतीची खूण आहे असं म्हटलं, तर श्रद्धाळू माणसाचाच अपमान होतो, हे म्हणणारे पाद्रीही जर्मनीत भेटतात. मला त्यांचं पटतं.

'प्यू' या संशोधन संस्थेनं 2017 मध्ये पश्चिम युरोपच्या 15 देशांत पाहणी केली. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे साधारण 71 टक्के, आणि महिन्यातून एकदा तरी चर्चला जाणारे 22 टक्के. म्हणजे ओळख सांगणारे पुष्कळ, आचरणारे थोडे. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांत, मग ते चर्चला जात असोत वा नसोत, स्थलांतरितांविषयीची नाराजी धर्म न मानणाऱ्यांपेक्षा जास्त दिसली. धर्म कुंपण म्हणून वापरायला प्रार्थना करावी लागत नाही. म्हणूनच तरुणांनी या विषयावर बोललं पाहिजे.

जर्मनीत पत्ता नोंदवताना धर्म विचारतात. काय लिहावं?

खरं ते लिहावं, पण परिणाम समजून. 'रोमन कॅथलिक' किंवा 'एव्हांगेलिश' (म्हणजे प्रोटेस्टंट) अशी नोंद झाली की पगारातून चर्च कर कापला जातो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तो आयकराच्या 8 टक्के आहे, इतरत्र 9 टक्के. आयकर भरण्याइतकं उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला काही भरावं लागत नाही. वसई, गोवा, अहिल्यानगरकडच्या ख्रिस्ती मुलांनी हे निघण्याआधीच घरी बोलून ठरवावं. हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लीम विद्यार्थ्यांवर या नोंदीमुळे असा कर येत नाही.

तिथल्या शाळांत धर्म शिकवतात?

जर्मनीत हो, राज्यघटनेच्या सातव्या कलमानुसार, आणि तोही परीक्षेचा विषय म्हणून. नको असेल तर बहुतेक ठिकाणी नीतिशास्त्राचा तास असतो. मूल चौदा वर्षांचं झालं की आपला धर्म ते स्वतः ठरवू शकतं. बर्लिननं 2006 पासून सातवीपुढे नीतिशास्त्र सर्वांना सक्तीचं केलं. ते बदलण्यासाठी 2009 मध्ये जनमत घेतलं गेलं, पण ते फसलं. हाम्बुर्गमध्ये वेगवेगळ्या धर्मांची मुलं एकाच वर्गात बसून धर्माचा तास करतात. मला हाम्बुर्गची रीत सगळ्यांत आवडते, कारण मुसलमान मुलीला रमजानबद्दल प्रश्न विचारायला शेजारच्या बाकावरचा मुलगा लागतो, ते काम पुस्तक करू शकत नाही.

मुस्लीम आणि ज्यू तरुणांना या 'ओळखीत' जागा आहे का?

कायद्यानं आहे, अनुभवात ती रोज मागावी लागते. 'प्यू'च्या 2016 च्या अंदाजानुसार युरोपीय संघ, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड मिळून मुस्लीम लोकसंख्या 4.9 टक्के होती. ब्रसेल्समध्ये जन्मलेल्या मुलीला 'तू मूळची कुठली?' हे आयुष्यभर विचारलं जातं. बोस्नियाचे मुसलमान तर शतकानुशतकं तिथलेच. ऑस्ट्रियानं 1912 मध्ये इस्लामला कायदेशीर मान्यता दिली ती त्यांच्याचमुळे. आणि त्याच बोस्नियात, स्रेब्रेनित्सा इथे, जुलै 1995 मध्ये आठ हजारांहून अधिक मुस्लीम पुरुष आणि मुलगे मारले गेले. आजच्या बोस्नियन तरुणाच्या आईवडिलांच्या आठवणीतली ही गोष्ट आहे.

ज्यू तरुणांची स्थिती वेगळ्या अर्थानं जड आहे. अनेक शहरांत सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, दारात पोलीस उभे असतात. 9 ऑक्टोबर 2019 रोजी, योम किप्पुर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, जर्मनीतल्या हाले शहरात हल्लेखोराला सिनेगॉगचं दार फोडता आलं नाही म्हणून आतली माणसं वाचली. बाहेर दोघांचा जीव गेला. ज्यू विद्यार्थ्यांची युरोपीय संघटना 1978 पासून आणि मुस्लीम युवा संघटनांचा मंच 1996 पासून काम करतो. त्यांच्या कार्यक्रमांना पाहुणा म्हणून जाता आलं तर जरूर जावं.

ताइझे म्हणजे काय? तिथे आपली मुलं जाऊ शकतात का?

फ्रान्समधल्या बर्गंडी भागातलं हे एक छोटं खेडं. 1940 मध्ये स्वित्झर्लंडचे रोजे शुट्झ वयाच्या पंचविसाव्या वर्षी तिथे आले आणि युद्धात पळून आलेल्यांना, त्यात ज्यूंनाही, त्यांनी घरात आसरा दिला. पुढे तिथे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक बंधूंचा एकत्र मठ झाला. युद्ध संपल्यावर त्यांनी जवळच्या छावणीतल्या जर्मन कैद्यांचीही विचारपूस केली. शेजाऱ्यांना ते सहन करणं सोपं नसणार. 1962 मध्ये उभं राहिलेलं तिथलं 'समेटाचं चर्च' जर्मन तरुणांनी बांधलं, आपल्या देशानं केलेल्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून.

उन्हाळ्यात दर आठवड्याला हजारो तरुण येतात. तंबूत किंवा साध्या खोल्यांत राहतात, भांडी घासतात, संडास झाडतात. दिवसातून तीनदा प्रार्थना असते. एकेका ओळीची गाणी पुन्हा पुन्हा म्हटली जातात आणि मध्ये बराच वेळ शांतता असते. दुपारी लहान गटांत गप्पा. लिथुआनियाची नर्स, पोर्तुगालचा इंजिनिअर आणि कुठलाच धर्म न मानणारी डच मुलगी एकाच गटात बसलेली असतात. कुणी कुणाला बाप्तिस्मा घ्यायला सांगत नाही. बंधू स्वतःसाठी देणगी घेत नाहीत. ब्रदर रोजे यांची 16 ऑगस्ट 2005 रोजी संध्याकाळच्या प्रार्थनेतच हत्या झाली. 2019 मध्ये मठानं आपल्याच काही बंधूंवरचे लैंगिक अत्याचाराचे आरोप स्वतः जाहीर केले. हे दोन्ही माहीत असूनही मी जायला सांगतो. ख्रिस्ती असण्याची अट नाही, पण प्रार्थनेला बसायची तयारी हवी.

चर्चला न जाणारे तरुण सान्तियागोपर्यंत चालत का जातात?

वारी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेलाकडे जाणाऱ्या पायवाटांना युरोप परिषदेनं 1987 मध्ये पहिला 'युरोपीय सांस्कृतिक मार्ग' म्हणून मान दिला. 2024 मध्ये जवळपास पाच लाख यात्रेकरूंनी शेवटी प्रमाणपत्र घेतलं. त्यासाठी शेवटचे किमान 100 किलोमीटर पायी किंवा 200 किलोमीटर सायकलनं जावं लागतं. कचेरीत हेतू विचारतात: धार्मिक, धार्मिक आणि इतर, की अजिबात धार्मिक नाही. वाटेवर सोबतीला कोण आहे, तो मानतो काय, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप बोललं जातं. पाय सुजलेले असताना माणूस फार आव आणत नाही.

उत्तर आयर्लंडचं उदाहरण नेहमी का देतात?

तिथे चर्चला कधीही न गेलेला मुलगा नावावरून, शाळेवरून, गल्लीवरून 'कॅथलिक' किंवा 'प्रोटेस्टंट' ठरतो. श्रद्धा ओसरली तरी गट उरतात, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. 1998 च्या करारानं हिंसा बहुतांशी थांबली, बेलफास्टमधल्या वस्त्यांमधल्या भिंती मात्र अजून आहेत. कॉरिमीला हे समेटाचं केंद्र 1965 पासून चालतं. दोन्हीकडच्या मुलांना एकत्र शिकवणारी पहिली शाळा, लॅगन कॉलेज, 1981 मध्ये पालकांनीच 28 मुलांवर सुरू केली. बहुसंख्य मुलं अजूनही वेगवेगळ्या शाळांत जातात.

आमच्या मुलांना तिथे काय विचारतात?

जात, गाय, मूर्ती, कधी थेट राजकारण. पाठ केलेली उत्तरं देऊ नका. आपल्या घरात काय होतं ते सांगा, जे खुपतं तेही सांगा. आणखी एक गोष्ट जरूर सांगा: इंग्लंडहून आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातल्या) पाद्र्यानं ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचलं आणि ते 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं. नारायण वामन टिळकांची भजनं आजही महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये म्हटली जातात. ख्रिस्ती धर्म म्हणजे युरोपची खासगी मालमत्ता समजणाऱ्या तरुणाला हे ऐकून खरोखर नवल वाटतं, आणि तिथून चर्चा चांगली चालते.

युरोपीय संघाचं 'विविधतेत एकत्र' हे ब्रीदवाक्यही 2000 मध्ये शाळकरी मुलांच्या स्पर्धेतून पुढे आलं. पंधरा देशांतली सुमारे 80,000 मुलं तिच्यात उतरली होती. भारतीय मुलाला ते वाक्य लगेच ओळखीचं वाटतं.

असा संवाद आपल्या गटात घ्यायचा असेल तर सुरुवात कशी करावी?

'धर्म चांगला की वाईट' या विषयानं करू नये, ते वादविवाद स्पर्धेला ठीक. 'तुमच्या घरात कोणता सण का पाळतात आणि तुम्ही त्यातलं काय सोडलंत?' असं विचारा. धर्म न मानणाऱ्यांनाही तेवढाच वेळ द्या, त्यांची बाजू सहसा शेवटी घाईत उरकली जाते. दहाबारा जणांहून मोठा गट नको. कुणालाही त्याच्या धर्माचा प्रवक्ता बनवू नका. कुठे बॉम्बस्फोट झाला म्हणून खोलीतल्या एकुलत्या एका मुसलमान मुलाकडे सगळ्यांनी वळून पाहणं हे सर्वांत वाईट. स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये असाल तर युरोपाप्लात्झवरचं 'धर्मांचं घर' पाहून या. 2014 पासून तिथे एकाच छताखाली हिंदू मंदिर, मशीद, चर्च, बौद्ध विहार आणि अलेवी या मूळच्या तुर्कस्तानातल्या पंथाचं प्रार्थनास्थळ आहे. आधी कळवलं तर गटाला आतून फिरवून दाखवतात, आणि प्रश्न विचारलेले त्यांना आवडतात.